न्यायमूर्तींचा लॉ क्लर्क नक्की काय करतो? आणि ते बाहेरून मोजायचं कसं?

‘क्लर्क’ म्हटलं की आपल्याला फायलींच्या ढिगाऱ्यामागे बसलेला कारकून आठवतो. कोर्टात तर आणखीनच घोळ होतो. शिरस्तेदार वेगळा, बेलीफ वेगळा, वकिलांसाठी तारखा टिपून घेणारा कारकून वेगळा. लॉ क्लर्क यांपैकी कुणीच नाही. तो किंवा ती बहुतेक वेळा नुकतीच कायद्याची पदवी घेतलेली, पंचविशीच्या आसपासची व्यक्ती असते. एका न्यायमूर्तींच्या हाताखाली वर्षभर काम करते आणि मग वकिली, परदेशातली एलएलएम किंवा संशोधन अशा वाटेला लागते. आपल्या सर्वोच्च न्यायालयात या पदाचं नावच ‘लॉ क्लर्क-कम-रिसर्च असोसिएट’ आहे. नावातच ‘रिसर्च’ आहे, म्हणून संशोधनाची तयारी करणारे बरेच विद्यार्थी या पदाबद्दल विचारतात.

आज दोन गोष्टी बघू. हे काम काय असतं, ही पहिली. दुसरी माझ्या मते तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची: जे काम बंद दालनात चालतं, ज्याबद्दल बोलायला मनाई असते, त्याचा निकालावर परिणाम होतो की नाही हे संशोधक शोधतात तरी कसं?

आधी काम समजून घेऊ

सर्वोच्च न्यायालयात येणाऱ्या प्रकरणांचा मोठा भाग म्हणजे राज्यघटनेच्या कलम १३६ खालच्या विशेष अनुमती याचिका. उच्च न्यायालयात हरलेला पक्ष म्हणतो, आमचं ऐकून घ्या. न्यायालय आधी एवढंच ठरवतं की ऐकायचं की नाही. अशा दाखलपूर्व सुनावणीच्या दिवशी एकेका खंडपीठासमोर कित्येक डझन प्रकरणं असतात आणि एकेकाला काही मिनिटंच मिळतात. बऱ्याच याचिका एक-दोन ओळींच्या आदेशाने फेटाळल्या जातात.

या काही मिनिटांच्या आधी लॉ क्लर्कने ती फाईल वाचलेली असते. घटनाक्रम काय, खालच्या कोर्टाने काय म्हटलं, उच्च न्यायालयाने काय बदललं, कायद्याचा खरा प्रश्न कोणता, याची एक-दोन पानांची टिपण ती तयार करते. शिवाय जुने निवाडे शोधणं, मसुद्यातले संदर्भ पडताळणं, न्यायमूर्तींच्या भाषणांसाठी साहित्य गोळा करणं, हेही असतंच. कुणाला किती मोकळीक मिळते हे त्या त्या न्यायमूर्तींच्या पद्धतीवर ठरतं. काही न्यायमूर्ती टिपण वाचून क्लर्कशी वाद घालतात, काही फक्त तारखा तपासून घेतात.

यात पणाला काय लागतं ते बघा. समजा, महाराष्ट्रातल्या एखाद्या सत्र न्यायालयातून निघालेलं खुनाचं प्रकरण आहे. मूळ जबाब मराठीत आहेत, पण सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून सोबत इंग्रजी भाषांतर जोडलेलं आहे. साक्षीदार म्हणाला होता, ‘त्याने लोटलं.’ भाषांतरात त्याचं ‘हल्ला केला’ झालं. लोटणं आणि हल्ला करणं यांत हेतूचा फरक आहे, आणि खून की सदोष मनुष्यवध हे हेतू आणि जाणीव यांवरच ठरतं. मराठी जाणणाऱ्या क्लर्कने मूळ पान उघडून तो फरक टिपणात लिहिला, तर निदान प्रश्न तरी उभा राहतो. वकिलाच्या आणि तिच्याही नजरेतून सुटला, तर याचिका बाकीच्यांबरोबर निघून जाते. तुरुंगातल्या माणसाला हे कधी कळतही नाही. निर्णय न्यायमूर्तींचाच असतो, पण त्यांच्यासमोर काय येतं, यात या टिपणाचा वाटा असतो.

प्रश्न जुनाच आहे

या प्रश्नावर सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकेत झाला आहे, म्हणून आता तिकडे जाऊ. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ही प्रथा होरेस ग्रे या न्यायमूर्तींनी १८८२ मध्ये आणली. हार्वर्डमधून बाहेर पडलेला हुशार विद्यार्थी ते स्वतःच्या खिशातून पगार देऊन ठेवत. आज तिथे प्रत्येक न्यायमूर्तीला साधारण चार क्लर्क असतात. दरवर्षी हजारो अर्ज येतात आणि त्यांतले साठ-सत्तरच सविस्तर ऐकले जातात. नऊपैकी चार न्यायमूर्तींनी ‘ऐकू या’ म्हटलं तर प्रकरण पुढे जातं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायमूर्ती पॉवेल यांच्या सूचनेवरून तिथे एक सामाईक व्यवस्था सुरू झाली: एक अर्ज एकाच क्लर्कने वाचायचा आणि त्याची टिपण सहभागी न्यायमूर्तींनी मिळून वापरायची. वेळ वाचतो हे खरं. पण एका सव्वीस वर्षांच्या माणसाचं वाचन अनेक न्यायमूर्तींपर्यंत जातं, हेही खरं. न्यायमूर्ती स्टीव्हन्स याच कारणाने या व्यवस्थेत कधी सामील झाले नाहीत.

मग संशोधकाचा प्रश्न असा: क्लर्कमुळे निकाल बदलतात का? प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तराकडे जाणाऱ्या वाटा चार आहेत आणि प्रत्येक वाटेवर एक खड्डा आहे.

पहिली वाट: कागद

न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचे खाजगी कागद २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात खुले झाले. त्यात क्लर्कच्या टिपणांचा प्रचंड साठा होता. आता टिपणातली शिफारस आणि प्रत्यक्ष निर्णय शेजारी ठेवून बघता येतात.

पण कागद बोलतो म्हणजे कुणाच्या आवाजात बोलतो? इथे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९५२ मध्ये विल्यम रेन्क्विस्ट हे न्यायमूर्ती जॅक्सन यांचे क्लर्क होते. शाळांमधल्या वर्णभेदाचा खटला तेव्हा न्यायालयापुढे होता. वर्णभेदाला मान्यता देणारा जुना निवाडा बरोबरच होता, असं म्हणणारी एक टिपण त्यांनी लिहिली. १९७१ मध्ये रेन्क्विस्ट स्वतः न्यायमूर्ती होण्याच्या वाटेवर असताना ती बाहेर आली. ते म्हणाले, ही मतं माझी नाहीत, जॅक्सन यांची मी मांडली होती. जॅक्सन १९५४ मध्येच वारले होते, आणि त्याच वर्षी वर्णभेदाविरुद्धच्या एकमताच्या निकालात ते सामील झाले होते. त्यांच्या सचिव बाईंनी रेन्क्विस्ट यांचा खुलासा ठामपणे नाकारला. वाद आजही संपलेला नाही.

तुमच्यासाठी धडा असा की लिहिणारा कोण हे कळलं, म्हणून मत कुणाचं हे कळतंच असं नाही. दुसऱ्यासाठी लिहिलेला प्रत्येक कागद, मग तो सरकारी टिपणी असो की मंत्र्याचं भाषण, याच चाळणीतून न्यावा लागतो.

दुसरी वाट: भाषा

जेफ्री रोझेन्थल आणि अल्बर्ट यून यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळीच युक्ती वापरली. प्रत्येकाच्या लिहिण्यात बारीकसारीक शब्दांचं प्रमाण ठरावीक असतं. मराठीत सांगायचं तर ‘पण’, ‘तर’, ‘मात्र’, ‘च’ हे तुम्ही किती वेळा वापरता, ते विषय बदलला तरी फारसं बदलत नाही. मग तर्क असा: न्यायमूर्ती स्वतः लिहीत असतील, तर ही खूण वर्षानुवर्षं स्थिर राहील. दरवर्षी नवे क्लर्क मसुदा लिहीत असतील, तर ती डळमळेल. त्यांना दिसलं की अलीकडच्या बहुतेक न्यायमूर्तींची शैली आधीच्यांपेक्षा बरीच जास्त डळमळते. म्हणजे मसुद्यांसाठी क्लर्कवर अवलंबून राहणं वाढलं असावं.

खड्डा कुठे आहे? मसुदा कुणी लिहिला आणि निर्णय कुणी घेतला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. न्यायमूर्तींनी निर्णय सांगून फक्त शब्दांकन सोपवलेलं असू शकतं. शैलीच्या मोजणीतून निर्णयाबद्दल निष्कर्ष काढला की पाय घसरलाच.

तिसरी वाट: आकडे

इथे पहिलाच अडसर निवडीचा. पुराणमतवादी न्यायमूर्ती पुराणमतवादी क्लर्क निवडतात. मग दोघांची मतं जुळली, तर कुणी कुणावर प्रभाव टाकला? सासू-सुनेची भाजी सारखीच लागते म्हणून सुनेने सासूला शिकवलं असं कोण म्हणेल? कदाचित सून तशीच बघून आणली असेल.

बोनिका, चिल्टन, गोल्डिन, रोझेमा आणि सेन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यातून मार्ग काढला. अमेरिकेत राजकीय देणग्यांच्या नोंदी सार्वजनिक असतात, त्यांवरून त्यांनी क्लर्कचा राजकीय कल मोजला. मग दोन न्यायमूर्तींची तुलना करण्याऐवजी एकाच न्यायमूर्तीची वेगवेगळ्या वर्षांतली तुलना केली: क्लर्कचा संच बदलला की त्याच न्यायमूर्तीचं मत थोडं सरकतं का? त्यांच्या मते, सरकतं. आणि जास्त कुठे? गाजलेल्या, कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या आणि अटीतटीच्या खटल्यांत.

इथे थांबून विचार करा. न्यायमूर्ती कामाचा कंटाळा म्हणून निर्णय क्लर्कवर टाकत असते, तर परिणाम किरकोळ खटल्यांत जास्त दिसला असता. तो महत्त्वाच्या खटल्यांत दिसला, म्हणून लेखकांनी अर्थ लावला की हे निर्णय सोपवणं नाही, चर्चेतून पटवणं आहे. परिणाम आहे की नाही एवढ्यावर न थांबता तो कुठे जास्त आहे हे बघितलं, म्हणून तो कसा घडतो याचा सुगावा लागला. तुमच्या प्रस्तावात ही एक पायरी घातलीत, तर मार्गदर्शक नक्की खूश होतील.

चौथी वाट: माणसं

माजी क्लर्कना सरळ विचारायचं. २००६ मध्ये आलेली टॉड पेपर्स यांचं एक आणि वॉर्ड व वायडेन यांचं एक, अशी दोन पुस्तकं बरीचशी या वाटेने गेली. पण क्लर्क गोपनीयतेने बांधलेला असतो, आणि माणसाला स्वतःचा प्रभाव मोठा करून सांगायची हौस असते किंवा निष्ठेपोटी लहान करून सांगायची. म्हणून प्रश्न खटल्याबद्दल न विचारता पद्धतीबद्दल विचारायचे. ‘त्या निकालात काय झालं?’ असं विचारू नका. ‘टिपण किती पानांची असायची? त्यावर चर्चा कधी व्हायची?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाने समोरचा माणूस अडचणीत येतो. दुसऱ्याचं उत्तर तो मोकळेपणाने देतो आणि तुम्हाला तेच हवं असतं.

हे सगळं भारतात चालेल का?

जसंच्या तसं नाही. आपल्याकडे राजकीय पक्षांना २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत, त्यामुळे देणग्यांवरून तरुण वकिलाचा कल मोजणं विसराच. अमेरिकेत न्यायमूर्ती तहहयात असतात, आपल्याकडे पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात. एका न्यायमूर्तीची फार वर्षं हाती येत नाहीत, म्हणून वर्षावर्षांची तुलना लंगडी पडते.

भाषेची वाट उरते, पण तीही सांभाळून. आपल्या निकालपत्रांत जुन्या निवाड्यांचे लांबच लांब उतारे असतात. ते आधी काढून टाकले नाहीत, तर तुम्ही न्यायमूर्तींची शैली न मोजता त्यांनी उद्धृत केलेल्यांची मोजाल. दुसरं, बरेच आदेश स्टेनोला तोंडी सांगितले जातात. सांगितलेली भाषा आणि लिहिलेली भाषा यांचा पोत वेगळा असतो. तोंडी आदेश आणि राखून ठेवून दिलेले निकाल एकाच पोत्यात भरले, तर दिसणारा चढउतार क्लर्कचा नसून स्टेनोच्या वहीचा असेल.

भारतातल्या क्लर्कबद्दल लेखन कमी आहे. अभिनव चंद्रचूड यांनी २०१४ मध्ये एका लेखात वेगळ्या बाजूने प्रश्न विचारला: इथले विद्यार्थी हे काम का पत्करतात? अमेरिकेतल्या विद्यापीठांतला प्रवेश हे त्यातलं एक मोठं कारण असल्याचं त्यांनी मांडलं. थेट प्रभाव मोजता येत नसेल तर शेजारचा, मोजता येणारा प्रश्न विचारायचा. हीसुद्धा एक पद्धतच आहे.

मग तुम्ही हे काम करावं का?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या जाहिरातीनुसार निवड तीन टप्प्यांत होती: बहुपर्यायी परीक्षा, लेखी परीक्षा आणि मुलाखत. मानधन महिन्याला ८०,००० रुपये होतं. नियम बदलतात, तेव्हा ताजी जाहिरात स्वतः वाचा.

संशोधनासाठी यातून काय मिळतं? पाचशे पानांतून एक प्रश्न वेगळा काढायची सवय, आणि आपल्या मताला न पटणारा मुद्दाही टिपणात प्रामाणिकपणे लिहायची शिस्त. ही दोन्ही प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात उपयोगी पडतात.

काय मिळत नाही? विदा. दालनात जे बघाल ते प्रबंधात वापरता येणार नाही. ‘आत जाऊन बघतो आणि मग त्यावरच पीएचडी करतो’ असा बेत असेल तर तो आजच सोडा. तुमचा विषय न्यायालयच असेल, तर रुजू होण्याआधी आपल्या मार्गदर्शकांशी बोला, कोणते प्रश्न तुमच्यासाठी कायमचे बंद होतील ते लिहून काढा, आणि ती यादी सोसवत असेल तरच अर्ज भरा.