आईच्या मनगटावरचं घड्याळ

दिवाळीला आलेला मुलगा परत जाताना आईच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधून जातो. "आता मला तिकडे काळजी नाही," म्हणतो. आई पंधरा दिवस ते कौतुकाने घालते, जिन्यातल्या प्रत्येकीला दाखवते. मग एके रात्री चार्जिंगला लावायचं राहतं आणि घड्याळ कपाटात जातं. या दोघांच्या समजुती वेगवेगळ्या असतात, आणि बऱ्याचदा दोघांच्याही चुकीच्या.

"अ‍ॅटॅक आला तर घड्याळ सांगेलच की!"

नाही सांगणार. हा सगळ्यात धोकादायक गैरसमज, म्हणून तो आधी घेऊ. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. तो ओळखायला दवाखान्यात छातीवर आणि हातापायांवर तारा लावून बारा बाजूंनी ईसीजी काढतात, रक्त तपासतात. ईसीजीची सोय असलेलं घड्याळ यातली एकच बाजू बघतं. छातीत दडपण, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असं काही होत असेल आणि घड्याळ "सर्व ठीक" म्हणत असेल, तर घड्याळाकडे दुर्लक्ष करून १०८ ला फोन लावायचा. मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तर कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसती धाप लागते आणि गळून गेल्यासारखं होतं.

मग घड्याळ हृदयाचं काय ओळखतं? लय बिघडलेली ओळखतं. त्याच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. तो उजेड कातडीत शिरतो आणि प्रत्येक ठोक्यागणिक त्यातला किती परत येतो, हे मोजलं जातं. ठोके अगदीच वेडेवाकडे पडत असतील तर सूचना येते. एट्रियल फिब्रिलेशन नावाचा विकार असा सापडू शकतो. तो वयाबरोबर वाढतो. त्यात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो. अनेकांना हा विकार असल्याचं जाणवतसुद्धा नाही, म्हणून ही सूचना मोलाची.

पण ती किती खरी? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीत ४,१९,२९७ लोक होते. त्यातल्या ०.५२ टक्के लोकांनाच अनियमित ठोक्यांची सूचना आली. त्यातल्या ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांमध्ये विकार दिसला. उरलेल्यांची सूचना खोटीच होती असं नाही, कारण हा विकार येतो आणि जातो. तेव्हा सूचना आली तर डॉक्टरांकडे जाऊन रीतसर ईसीजी काढायचा. शेजारच्या काकांची रक्त पातळ करणारी गोळी मागून घ्यायची नाही.

"रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत."

हा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानमध्ये कमरेला लावायचं एक पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव कानाला गोड लागलं आणि आकडा जगभर पसरला. पुढे साठ वर्षं बागेतली ज्येष्ठ मंडळी एका जाहिरातीसाठी चालत राहिली, असं म्हटलं तर फारसं चूक नाही.

पुढे खरोखर मोजलं गेलं. २०१९ मध्येच सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास आला. रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. ७,५०० च्या आसपास हा फायदा थांबला; त्यापुढे चाललं तरी त्यात वाढ दिसली नाही. नुसत्या आकड्यांवरून चालण्यामुळेच आयुष्य वाढलं असं सिद्ध होत नाही, पण गुडघे धरलेल्या आजींना दहा हजारांचा धाक घालायचं कारण उरत नाही. तीन हजारांवरून चार हजारांवर येणं हीसुद्धा कमाईच.

इथे एक गंमत आहे. पावलं मनगटाच्या हेलकाव्यावरून मोजली जातात. त्यामुळे वॉकर ढकलत चालणाऱ्याची, कठडा धरून जिना चढणाऱ्याची आणि पाय घासत सावकाश चालणाऱ्याची बरीच पावलं घड्याळाच्या हिशोबात येतच नाहीत. उलट सोफ्यावर बसून हात हलवत 'टार्गेट' पुरं करणारे एक आजोबा मी पाहिले आहेत. तेव्हा शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. आईचा गेल्या महिन्याचा आकडा आणि या महिन्याचा, एवढंच बघायचं. तो हळूहळू उतरत असेल तर गुडघा, धाप, डोळे की मन, काय बिघडलंय ते फोनवर विचारायचं.

"पडली तर आपोआप फोन येईल."

येईल, पण अटी आहेत. अ‍ॅपल वॉचमध्ये ही सोय २०१८ पासून आहे. आणखी काही घड्याळांतही असते. जोरात पडल्याचा झटका बसला आणि माणूस साधारण मिनिटभर हललं नाही, तर मदतीचा फोन लागतो. खुर्चीवरून सावकाश घसरत खाली बसलेल्या माणसाचं पडणं मात्र निसटू शकतं. घड्याळात सिम नसेल तर मोबाइल जवळ हवा. आणि आपल्याकडे घसरण्याची हमखास जागा म्हणजे न्हाणीघर, जिथे जाताना घड्याळ काढून ठेवायची सवय असते. आणखी एक बारीक गोष्ट: अ‍ॅपलच्या घड्याळात वय ५५ किंवा जास्त नोंदवलं असेल तरच ही सोय आपोआप पूर्णवेळ चालू होते. मुलाने घाईत स्वतःची जन्मतारीख टाकून दिली असेल, तर आईसाठी ती अशी चालू होणार नाही. बाथरूममध्ये धरायला दांडी आणि पायाखाली न घसरणारी फरशी मात्र घड्याळाच्या कितीतरी पट कमी पैशांत होते.

"बीपी आणि शुगर दोन्ही दाखवतं, सुई नको."

शुगरचं साफ खोटं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने इशारा दिला, की कातडीला टोचल्याशिवाय साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला तिने मान्यता दिलेली नाही. अशा आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवणं जिवावर बेतू शकतं. दंडावर चिकटवायचा सेन्सर ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा बारीक तंतू कातडीखाली जातो. इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धांची साखर रात्री झोपेत खाली जाते, तेव्हा त्याचा अलार्म फार कामाचा.

बीपी दाखवणाऱ्या काही घड्याळांना दर २८ दिवसांनी पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. मग दंडाला पट्टा बांधणारं साधं यंत्रच घ्यावं, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसावं आणि मग मोजावं.

झोपेचे गुण? ते हालचाल आणि ठोके यांवरून बांधलेले अंदाज आहेत, मेंदूच्या लहरी मोजलेल्या नाहीत. छान झोपून उठलेल्या माणसाने घड्याळ बघून थकू नये.

"अंगावर घालायचं यंत्र म्हणजे घड्याळ."

खरं तर म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्यात उपयोगाचं अंगावरचं यंत्र कानात बसतं. श्रवणयंत्राला कुणी 'वेअरेबल' म्हणत नाही, आणि घड्याळ मिरवणारे लोक ते मात्र लपवतात. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर श्रवणयंत्राने स्मरण-आकलनाच्या घसरणीत फरक पडला नाही. पण ज्यांना ती घसरण होण्याचा धोका मुळात जास्त होता, त्यांच्यात ती ४८ टक्क्यांनी मंदावली. हे बाजूला ठेवलं तरी नातवाचं बोलणं ऐकू येणं हाच केवढा फायदा!

यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज कर्कश वाटतो, पंखा घोंघावतो, स्वतःचाच आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. बरेच जण नेमके तेव्हाच ते काढून ठेवतात. खरं तर तेव्हा ऑडिओलॉजिस्टकडे पुन्हा जाऊन आवाज जुळवून घ्यायचा असतो, एकदा नाही, दोन-तीनदा. पुढच्या दिवाळीला आलेल्या मुलाने आईला तिथे घेऊन जावं.