घरातले काम आणि घरातली सुट्टी

घरी बसून नोकरी करण्याची पद्धत मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून सुशिक्षित वर्गाच्या विशेष परिचयाची झाली, आणि त्यामुळे ती अगदी नवी आहे असा अनेकांचा समज झाला. बेळगाव-निपाणीच्या मुलखाला मात्र ती मुळीच नवी नाही. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत विणकराचा माग राहत्या घरातच चालत आला आहे. निपाणी ही तर तंबाखूची पेठ. ठेकेदाराकडून पाने, तंबाखू आणि दोरा आणावा, घरी विड्या वळाव्यात आणि हजारी दराने मजुरी घ्यावी, हा तिकडच्या कष्टकरी बायकांचा जुना परिपाठ. मांडीवर सूप आणि सुपापाशी रांगते मूल, हे चित्र लॅपटॉपच्या फार आधीचे आहे.

पिरनवाडी हे गाव बेळगाव-खानापूर रस्त्यावर, उद्यमबाग आणि मच्छे यांच्या जवळ वसलेले आहे. एका बाजूस कारखाने, तर दुसऱ्या बाजूस मच्छे येथे १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय. अशा गावातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. वडील सकाळी उद्यमबागेतील कारखान्यात जातात. आई पुण्याच्या कंपनीचे काम घरूनच करते. थोरली मुलगी शाळेत जाते आणि धाकटा तीन वर्षांचा आहे. या घरात जास्त सोय कोणाला, असे विचारले तर शेजारीपाजारी आईकडेच बोट दाखवतील. परंतु दिवसाचा हिशोब मांडला की उत्तर बदलते.

कारखान्यास भोंगा असतो. तो वाजला की काम सुरू होते आणि पुन्हा वाजला की संपते. वडील दाराबाहेर पडताना धाकटा एकदाच रडतो आणि थोड्या वेळाने खेळू लागतो, कारण वडील गेले हे त्याला कळलेले असते. आई मात्र जात नाही. ती समोर दिसते आणि तरीही मिळत नाही. लहान मुलाच्या लेखी दिसणे आणि मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या नसतात. त्यामुळे दर वेळी आईने 'थांब हं' म्हटले की ती त्याला नव्याने सोडून जाते. एकच मोठा वियोग सोसणे मुलास जमते. दिवसभरातले वीस लहान वियोग जमत नाहीत. यात मुलाचा हट्टीपणा नाही आणि आईची माया कमी आहे असेही नाही. उणीव आहे ती भोंग्याची.

सुट्टी लागली की ही अडचण दुप्पट होते. सीमाभागात तर तिला आणखी एक पदर आहे. कर्नाटकातील शाळांना मधली मोठी सुट्टी दसऱ्याच्या सुमारास मिळते, तर महाराष्ट्रातील शाळांना दिवाळीत. उन्हाळ्यात इकडच्या शाळा एप्रिलमध्ये बंद होऊन मेअखेरीस उघडतात. कोल्हापूरच्या मावसभावंडांची सुट्टी मात्र जूनच्या मध्यापर्यंत चालते. त्यात आईची कंपनी पुण्याची, म्हणजे तिचे सुट्ट्यांचे पत्रक तिसरेच. मुलीची दसऱ्याची सुट्टी लागते तेव्हा आईच्या कामाचे दिवस असतात, आणि आईला दिवाळीची रजा मिळेपर्यंत मुलीची शाळा सुरू झालेली असते. 'घरीच तर आहेस' या तीन शब्दांत मग पाहुणे, फराळ, मुले आणि कचेरीचे काम हे सारे तिच्या एकटीवर येऊन पडते.

घरी काम करणाऱ्यास सुट्टी कशाला, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर कायद्याने फार पूर्वीच दिलेले आहे. १९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला. मालकाने वा ठेकेदाराने दिलेल्या मालाच्या विड्या घरी बसून वळणाऱ्या व्यक्तीलाही त्यात 'कामगार' मानले गेले. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, ही तरतूदही त्यात होती. विडी कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पुढे २०२० च्या कामगार संहितांनी त्याची जागा घेतली, परंतु त्यातले तत्त्व मोलाचे आहे : कामाची जागा घर असली म्हणून काम करणाऱ्याचा विश्रांतीचा हक्क संपत नाही. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा करार संमत केला, त्याचाही गाभा हाच होता.

मातांसाठी २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची मुभाही मिळाली. पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक ठरले. परंतु आई घरून काम करू लागली की कचेरीतील पाळणाघराचा तिला काय उपयोग? पाळणाघराची ती उणीव घरानेच भरून काढावयाची असते.

ती कशी भरावी? पहिली गोष्ट म्हणजे भोंगा निर्माण करावा. कामाची एक जागा ठरवावी. वेगळी खोली नसेल तर पडदाही पुरे. 'दोन तासांनी येते' हे तीन वर्षांच्या मुलास समजत नाही. 'मोठा काटा वर गेला की येते' हे समजते. एकदा सांगितले की त्या वेळी काहीही झाले तरी उठावे. दिलेला शब्द दहा वेळा खरा ठरला, तर अकराव्या वेळी मूल वाट पाहते.

दुसरी गोष्ट अंकगणिताची. आठ तासांचे काम आणि लहान मूल ही दोन्ही एकाच माणसाने एकाच वेळी सांभाळणे शक्य नसते. तेव्हा आजीने किती वेळ पाहावे, वडिलांनी कारखान्यातून आल्यावर कोणते दोन तास घ्यावेत, आणि मदतीस बाई ठेवावयाची असल्यास किती वेळ, हे आधी ठरवावे. आजीलाही दुपारची विश्रांती हवी असते, हे विसरून चालत नाही.

तिसरी गोष्ट सुट्टीची. शाळेचे पत्रक जूनमध्ये हाती आले की आईवडिलांनी आपापल्या रजा त्यावर मांडून पाहाव्यात. रजेच्या दिवशी यंत्र कपाटात ठेवावे. फोनवर कचेरीस उत्तरे देत घालवलेला नाताळ किंवा गणेशचतुर्थी ही सुट्टी नव्हे.

विडी वळणाऱ्या बाईस मात्र हा उपदेश पुरेसा नाही. तिचा रिकामा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणूनच शाळेस सुट्टी लागली की मुलांचे हात सुपाकडे वळतात. १९८६ च्या कायद्याने विडीकामास मुले ठेवण्यास बंदी केली, पण कुटुंबातील कामास सूट दिली. २०१६ च्या दुरुस्तीनेही शाळेनंतर वा सुट्टीत घरच्या बिनधोक कामात मदत करण्याची मुभा ठेवली. तंबाखूच्या धुळीत बसणे मात्र बिनधोक म्हणता येणार नाही. तिथे भरपगारी रजा आणि पुरेशी मजुरी हेच मुलांच्या सुट्टीचे खरे रक्षण होय.

लॅपटॉप असो वा सूप, घरात काम आले की त्याबरोबर कामाची वेळ, कामाची वाटणी आणि सुट्टीही घरात आली पाहिजे. नाहीतर घर आणि कारखाना एकच होऊन बसतात, आणि मुलांना त्यातले घर सापडत नाही.