खोट्या इन्स्पेक्टरचे खरे प्रश्न

तोतया अधिकारी हा आपल्या रंगभूमीचा जुना पाहुणा. गोगोलच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी १९५२ साली ‘अंमलदार’ लिहिले. त्यात बडी मंडळी भलत्याच माणसाला साहेब समजतात, कारण त्यांच्याच मनात चोर असतो. आपण पोट धरून हसतो.

जे. बी. प्रीस्टलींच्या ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’मधला इन्स्पेक्टर गूल त्याच जातीचा, पण त्याला पाहून हसू येत नाही. हे नाटक १९४५ साली आधी रशियात झाले, मग १९४६ साली लंडनला. कथानकाचा काळ १९१२. कारखानदार बर्लिंगच्या घरी मुलीच्या साखरपुड्याची मेजवानी चालू असताना हा गृहस्थ येतो आणि सांगतो, एका मुलीने जंतुनाशक पिऊन जीव दिला. मग एकेकाला गाठतो. बापाने तिला पगारवाढ मागितली म्हणून काढले. मुलीने दुकानातल्या नोकरीवरून घालवले. भावी जावयाने ठेवले आणि सोडले. मुलाने तिला दिवस घालवले. आईने धर्मादाय समितीत तिचा अर्ज फेटाळला. जीव कोणीच घेतला नाही!

ज्याने बँकेत उमर घालवली त्याला ही रीत ओळखीची वाटते. अर्ज पाच टेबलांवरून फिरतो, प्रत्येक जण आपल्या रकान्यापुरती सही करतो. अर्जदार रिकाम्या हाताने परत जातो, तेव्हा त्याला ‘नाही’ नेमके कोणी म्हटले ते सांगता येत नाही. गूल फक्त सगळे रकाने एका कागदावर आणतो.

आता हा इन्स्पेक्टर शहापूरहून निघाला आणि मुलुंडच्या एखाद्या ब्लॉकमध्ये रविवारी जेवणाच्या वेळी येऊन बसला, असे समजा. त्याच्या खिशात डोक्यावर दोन हंडे घेतलेल्या एका बाईचा फोटो. तानसा (१८९२) आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात. एकट्या भातसाचा वाटा मुंबईच्या पाण्यात जवळपास निम्मा. त्याच तालुक्यातले पाडे मात्र वर्षानुवर्षे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आले. शेजारच्या मुरबाडची कथा निराळी नाही. तिथल्या गावांची जमीन बारवी धरणात गेली, पाणी खाली कारखान्यांना आणि शहरांना. याच पट्ट्यातली कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. विटा कुठे जातात, हे त्या ब्लॉकच्या भिंतींना विचारावे.

इन्स्पेक्टर आजोबांना विचारील, तुमच्या बाथरूमचा नळ किती वेळ चालतो? सूनबाईंना, गाडी रोज धुता? मुलाला, तुम्ही बिल्डरकडे आहात ना, विटेचा भाव पाडून कोणी घेतला? सगळे खरेच सांगतील, की आम्ही कोणाचे काही घेतले नाही, पाणीपट्टी वेळेवर भरतो.

नाटकात गूल निघून गेल्यावर घरचे फोन करतात आणि कळते, या नावाचा इन्स्पेक्टरच नाही. बापाला, आईला, जावयाला हायसे वाटते. मुलीला आणि तिच्या भावाला वाटत नाही. मुलुंडलाही तेच होईल. फोटोकडे पाहण्याआधी कोणीतरी विचारील, साहेब, आपण नक्की कुठल्या खात्याचे?