पाठच्या भावंडाची मज्जा

१९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली. डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलेलं हे प्रत्यारोपण देशातलं पहिलं मानलं जातं. लहानपणी पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीत वावरणारे अडवाणी ही विद्या अमेरिकेत सिएटलला शिकून आले होते. तिथल्या डॉ. डॉनल थॉमस यांना पुढे १९९० साली याच कामासाठी नोबेल मिळालं.

आज बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याहून टाटाला निघालेलं घर आधी पैशांच्या मागे लागतं. वावर विकायचं की गहाण टाकायचं, यावर रात्री जातात. दाता कोण, हा विषय मात्र फार उशिरा निघतो आणि खरं घोडं तिथेच अडतं.

रक्त तयार होतं हाडांतल्या मज्जेत, तिथल्या मूळ पेशींपासून. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, बिघाड तिथेच असतो. प्रत्येकाला प्रत्यारोपण लागत नाही. लहान मुलांचे बरेचसे ल्युकेमिया केमोनेच बरे होतात, काही प्रकार रोजच्या गोळीवर ताब्यात राहतात. मायलोमासारख्या आजारात रुग्णाच्याच पेशी काढून ठेवून परत देतात. पण रोग हट्टी असेल किंवा उलटला असेल, तर जबर केमोने मज्जा रिकामी करून दात्याच्या मूळ पेशी द्याव्या लागतात. त्या पिशवीतून, रक्त चढवतात तशाच चढवतात. चिरफाड नाही, टाके नाहीत. पेशी आपली वाट शोधत हाडांत जाऊन बसतात आणि साधारण दोन-तीन आठवड्यांनी रिपोर्टात पांढऱ्या पेशी वाढू लागतात. रक्तगट वेगळा असला तर रुग्णाचा गट कालांतराने दात्याचा होतो! दात्याच्या पेशींतून आलेली नवी प्रतिकारशक्ती उरल्यासुरल्या कर्कपेशींना परकं समजून मारते. तीच कधी रुग्णाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर उलटते. म्हणून एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळणं एवढं महत्त्वाचं.

सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. आईवडील बहुधा निम्मे जुळतात आणि आता निम्म्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं, पण पूर्ण जुळणारा दाता मिळाला तर पहिली पसंती त्यालाच.

अशा वेळी जुळणी झालेला, लग्न ठरलेला भाऊ घाबरतो, ‘मज्जा काढली तर अंगात काय उरंल?’ त्याला कोणी नीट सांगत नाही. बहुतेक वेळा हाडाला सुई लागतच नाही. चार-पाच दिवस इंजेक्शनं घेतली की मूळ पेशी रक्तात उतरतात. त्या दिवसांत अंग ठणकतं. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, पेशी वेगळ्या होतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. तीन-चार तास पडून राहायचं. ओठांभोवती मुंग्या येतात, कॅल्शियम दिलं की थांबतात. गेलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढतं. लग्न, मुलंबाळं, शेतातलं काम, कशालाच बाध येत नाही.

अवघड असतं ते रुग्णाचं पुढचं वर्ष. कच्ची कोशिंबीर नको, उघड्यावरचं खाणं नको. गोठा, ओला कडबा, बांधकामाची धूळ यांपासून लांब राहायचं, कारण बुरशी फुफ्फुसात शिरते. लहानपणीच्या लसीही पुन्हा घ्याव्या लागतात.

खर्च लाखांत जातो. त्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. उपचाराला जाताना कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची सोय होते.

आता घरं लहान झाली, भावंडं एक-दोन. घरात कोणी जुळलं नाही तर बाहेरचा दाता शोधायचा आणि तो बहुतेकदा आपल्याच मुलखातल्या, आपल्याच समाजांतल्या माणसांत सापडतो, कारण एचएलए वंशपरंपरेने येतं. दात्री, डीकेएमएस या संस्था गालाच्या आतून फिरवलेल्या बोळ्यावरून नोंदणी करतात. नांदुरा, मलकापूर, खामगावच्या कॉलेजांत रक्तदानाला पोरांची रांग लागते, तिथेच ही नोंदणीही व्हायला हवी. मात्र नाव देण्याआधी घरी बोलून घ्यावं. बोलावणं कित्येक वर्षांनी येऊ शकतं. दात्याने होकार दिल्यावर रुग्णाची मज्जा केमोने रिकामी करतात. त्यानंतर दाता फिरला, तर त्या रुग्णाचा जीव जाऊ शकतो.