संपावरचे गुरुजी आणि आपण पालक

५ सप्टेंबरला गुरुजींच्या गळ्यात हार घालणे सोपे असते. त्या दिवशी कोणाचा कोणाशी तंटा नसतो आणि शाल-श्रीफळाचा खर्चही बेताचाच असतो. आदराची खरी पारख होते ती गुरुजी वर्ग सोडून मोर्चात उभे राहतात तेव्हा. मार्च २०२३ मध्ये तशी वेळ आली होती. १४ मार्चला राज्यातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी आणि त्यांच्याबरोबर शिक्षक बेमुदत संपावर गेले. २० मार्चला संप मागे घेण्यात आला. दिवस थोडेच होते. पण जळगाव-धुळ्याकडील पालकांपुढे त्यांनी जो पेच उभा केला, तो विचार करण्याजोगा आहे.

प्रथम मागणी काय होती ते पाहू. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नोकरीस लागलेल्यांना तेव्हा जुने निवृत्तिवेतन नव्हते. जुन्या पद्धतीत अखेरच्या पगाराच्या साधारण निम्मी रक्कम हयातभर मिळे आणि त्यासाठी पगारातून काही कापले जात नसे. नव्या पद्धतीत दरमहा पगाराचा दहावा हिस्सा कापला जातो, सरकार आपली भर घालते आणि तो पैसा बाजारात गुंतविला जातो. हाती शेवटी किती पडेल हे त्या वेळी बाजारावर अवलंबून होते. एकाच शाळेत, एकाच फळ्यापुढे उभ्या असलेल्या दोन शिक्षकांपैकी एकाचे म्हातारपण निश्चिंत आणि दुसऱ्याचे टांगणीला, अशी ही स्थिती होती.

आता पालकाकडे वळू. खानदेशातला पालक बहुधा शेतकरी, नाही तर शेतमजूर. त्या मोसमात भाव वाढेल या आशेने अनेकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. त्यातच मार्चमध्ये अवकाळी पाऊस व गारपीट झाली. उभा गहू, हरभरा झोपला. नुकसानीचे पंचनामे ज्यांनी करावयाचे, ते तलाठी आणि ग्रामसेवकही संपावर! बाप बांधावर पंचनाम्याची वाट पाहतो आहे आणि पोर परीक्षेच्या दिवसांत घरी बसले आहे. ज्या माणसाला आयुष्यात निवृत्ती हा शब्दच ठाऊक नाही, त्याने निवृत्तिवेतनासाठी बसलेल्यांचे कौतुक करावे, ही अपेक्षा त्याला चेष्टाच वाटली असल्यास त्यात नवल नाही. शहरात बसून त्याला कृतघ्न म्हणणे आम्हास मुळीच मान्य नाही.

तथापि येथे दोन गोष्टींची गल्लत होते. मागणी योग्य की अयोग्य हा एक प्रश्न. ज्या बाईंनी आपल्या मुलीला अक्षर गिरवावयास शिकविले, त्यांच्याविषयी आपल्या मनात काय आहे, हा अगदी निराळा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे देऊनही दुसऱ्याचे उत्तर देता येते. मागणी पटत नाही, पण तुमच्या कामाची किंमत आम्ही जाणतो, असे संपाच्या दिवसांत एखाद्या पालकाने शाळेच्या ओट्यावर येऊन सांगितले, तर ते बोलणे शिक्षकदिनाच्या दहा भाषणांहून जड भरेल.

जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात तीस हजारांहून अधिक शिक्षक संपावर गेले, तेव्हा पालक मुलांना घेऊन भर पावसात त्यांच्या शेजारी उभे राहिले. वर्गणी जमवून शिक्षकांना टाको म्हणून तिकडे जी सारण भरलेली पोळी खातात, ती पुरविली गेली. हे ऐकावयास गोड आहे. पण कारण पाहिले पाहिजे. त्या शिक्षकांच्या मागण्यांत पगाराबरोबर वर्गातील मुलांची संख्या कमी करणे आणि प्रत्येक शाळेत परिचारिका असणे याही गोष्टी होत्या. त्याआधी २०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील शिक्षकांनी संपावर जाताना शाळेच्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी शिधा बांधून ठेवला होता. शिक्षकांनी मुलांना विसरले नाही, हे पालकांनी डोळ्यांनी पाहिले.

आपल्याकडेही असा धागा जुळण्यासारखा प्रसंग आला होता. कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक जागा कंत्राटी शिक्षकाने भरण्याच्या निर्णयाविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ रोजी प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा घेतली. हा प्रश्न शिक्षकांच्या नोकरीचा होताच; पण सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांतील पाड्यांवरच्या मुलांचाही होता. अशा वेळी पालकांना नीट समजावून सांगणे हे शिक्षक संघटनांचे काम आहे. ते त्या पुरेसे करीत नाहीत, असे आमचे मत आहे.

येथे साने गुरुजींची आठवण होते. १९२४ ते १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिकवीत होते. पुढे १९३८ मध्ये पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली, तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून त्यांनी गावोगाव सभा घेतल्या आणि कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले. शेतकऱ्यांच्या पडत्या काळात शाळेतला माणूस त्यांच्याबरोबर चालला होता. २०२३ च्या गारपिटीत शिक्षक आणि शेतकरी समोरासमोर आले, याचे वाईट वाटते ते म्हणूनच.

पालकांनी काही करावयाचे तर नवी संस्था काढण्याची गरज नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या समितीने शिक्षकांच्या कामाबद्दल ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठविला, तर त्याला कागदोपत्री वजन येते. बुडालेले तास कसे भरून काढावयाचे, हेही तिने शिक्षकांना घेऊन त्याच बैठकीत ठरवावे. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामास जुंपू नये, असे हाच कायदा सांगतो. गुरुजी वर्गाऐवजी माहिती भरण्यात किती दिवस घालवितात, याची नोंद समितीने ठेवली, तर तोही गौरवच, आणि शालीपेक्षा उपयोगी.

एक सावधगिरी मात्र हवी. गौरव हा वेतनाचा पर्याय नव्हे. २००१ नंतर 'कायम विनाअनुदानित' शाळांची पद्धत आली. २००९ मध्ये तिच्यातला 'कायम' हा शब्द गेला, पण प्रत्यक्ष अनुदान टप्प्याटप्प्याने आणि फार रेंगाळत आले. तोवर कित्येक शिक्षक बिनपगारी वा नाममात्र पगारावर शिकवीत राहिले. संध्याकाळी दुकानात हिशेब लिहून किंवा सुट्टीत शेतात राबून घर चालविणाऱ्या अशा शिक्षकाला समारंभात बोलावून हार घालताना, आपल्या मुलाच्या शाळेतील शिक्षकांचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो का, एवढे तरी पालकांनी संस्थाचालकांना विचारलेले असावे.