विहीर कोणाची, पाणी कोणाचे?

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा हे तालुके. केळीचा मुलूख. आपले कितीतरी समाजबांधव तेथे केळी कापायला, घड वाहायला रोजंदारीने जातात. मळ्यात मोटार चालू असते आणि वस्तीत बाया हंडे घेऊन नंबर लावतात. यामागचे कारण घरोघरी समजून घेतले पाहिजे.

या पट्ट्यात जमिनीखाली गाळाचे शेकडो फूट जाड थर आहेत. डोंगरावरून येणारे पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांत, रेतीत मुरते आणि त्या थरांत साठते. केळीला जवळपास वर्षभर पाणी लागते. वीज आली, मोटारी आल्या, ट्यूबवेल आल्या, तशी पातळी खाली गेली. पैसेवाल्याने बोअर आणखी खोल नेली. गरिबाच्या विहिरीचा तळ आधी उघडा पडला. रावेर आणि यावल हे तालुके सरकारी भूजल पाहण्यांत अतिउपशाचे म्हणून नोंदले गेले.

धुळे जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी काळा पाषाण. वरचा झिजलेला थर तेवढा पाणी धरतो. तेथे पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षे चालली. बंधारा, त्यावरून पाट, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, पाणी पाटकऱ्याच्या हातून पाळीने. पाणी कमी तर सगळ्यांचेच भिजणे कमी. व्यवस्था चांगली, यात शंका नाही. पण वाटा जमीनवाल्यालाच; ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला फडात जागा नव्हती.

जमिनीखालच्या पाण्याचेही तेच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची, त्याखालचे पाणी उपसण्याचा हक्क त्याचा, असे धरले गेले. राज्याने १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवाजवळ, ५०० मीटरच्या आत, परवानगीशिवाय विहीर घेण्यास बंदी केली. २००९ च्या कायद्याने शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहिरींवर बंधन आणले. कायदा कागदावर आला, पण बोअरची गाडी रात्री येते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी २०१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आली. नव्या विहिरीला आधी अडीच लाख, २०२४ पासून चार लाख अनुदान. मात्र जेथे उपसा हद्दीबाहेर गेला त्या गावांत नवी विहीर मिळत नाही. पाणी वाचावे म्हणून ही अट आहे, ती चूक म्हणता येत नाही. पण उपसा केला कोणी? ज्यांनी केला त्यांच्या बोअर आजही चालू आहेत. आणि ज्याला वतनातला तुकडा किंवा दादासाहेब गायकवाडांच्या नावाच्या योजनेतून चार एकर जिरायत मिळाली, त्याचा अर्ज मात्र परत येतो. उपसणाऱ्याला दंड नाही आणि न उपसणाऱ्याला बंदी, याला न्याय कसा म्हणायचा? ग्रामसभेत हा प्रश्न मोठ्याने विचारला पाहिजे. अशा गावात जुन्या विहिरीची दुरुस्ती आणि ठिबक यांसाठी तरी अर्ज करावा, तेही योजनेत आहे.

दुसरी अडचण वाटणीची. नव्या विहिरीला किमान एक एकर, म्हणजे ०.४० हेक्टर जमीन लागते. भाऊबंदकीत तुकडे पडून सातबाऱ्यावर पंधरा-वीस गुंठे उरतात. अशा दोघा-तिघांनी एकत्र येऊन करार लिहून दिला तर अर्ज करता येतो. लोक कचरतात ते पुढच्या भांडणाला भिऊन. म्हणून मोटारीच्या पाळ्या, वीजबिल आणि गाळ काढण्याचा खर्च आधीच स्टॅम्पपेपरवर लिहावा आणि घरातल्या बायांच्याही सह्या घ्याव्यात. रात्रीची वीज असली की बारे द्यायला त्याच जागतात.