पाठीच्या कण्याचे कर्षण : उपचाराचे स्वरूप, उपयुक्तता व मर्यादा
(धानपट्ट्यातील कष्टकऱ्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव तेथील तलावामुळे व नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वारामुळे परिचित आहे. या परिसराचे अर्थजीवन धान, तेंदूपत्ता आणि मोहफुले यांवर अवलंबून आहे. धानाची रोवणी, तेंदूपत्त्याची तोडणी व मोहफुलांची वेचणी ही तिन्ही कामे कंबरेत वाकून करावी लागतात. रोवणीच्या हंगामात बांधीतील चिखलात तासन् तास ओणवे राहणाऱ्या स्त्रियांना कंबरदुखी ही जणू कामाचाच एक भाग वाटते. दुखणे पायात उतरले की 'मणक्यात गॅप आहे, वजन लावावे लागेल' असे शब्द कानी पडतात. वजन लावणे म्हणजेच भौतिकोपचारातील 'ट्रॅक्शन' अथवा कर्षण होय. या उपचाराचे शास्त्रीय स्वरूप स्पष्ट करणे आणि उपलब्ध पुराव्यांच्या आधारे त्याचे मूल्यमापन करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कण्यावरील भार :

पाठीचा कणा मणक्यांचा बनलेला असून दोन मणक्यांच्या मध्ये लवचिक चकती असते. बोलीभाषेत तिला 'गादी' म्हणतात. स्वीडनमधील आल्फ नॅकमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. पुढे १९९९ मध्ये विल्के व सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीत हा दाब सरळ उभे असताना सुमारे ०.५ मेगापास्कल, तर पुढे वाकल्यावर सुमारे १.१ मेगापास्कल आढळला. पालथे निजल्यावर तो ०.१ पर्यंत उतरला. म्हणजे केवळ वाकल्याने चकतीवरील दाब दुपटीहून अधिक होतो. चकतीचा भाग बाहेर येऊन नसेच्या मुळावर दाब पडल्यास कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते. यालाच सायटिका म्हणतात.

कर्षणाची संकल्पना व पद्धती :

मणके परस्परांपासून किंचित दूर ओढल्यास चकतीवरील दाब घटेल, नसेसाठी जागा मोकळी होईल व आखडलेले स्नायू सैल होतील, ही कर्षणामागील मूळ कल्पना होय. ती अतिशय प्राचीन आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या परंपरेतील ग्रंथांत रुग्णास फळीवर बांधून ताणण्याचे वर्णन येते. आधुनिक काळात, विशेषतः १९५० च्या दशकापासून, ब्रिटनमधील जेम्स सिरिअ‍ॅक्स यांच्या पुरस्कारामुळे ही पद्धती रूढ झाली.

कर्षणाचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. ताण काही काळ एकसारखा ठेवल्यास ते सलग कर्षण होय. यंत्राच्या साहाय्याने ताण देणे व सोडणे आळीपाळीने केल्यास ते खंडित कर्षण होय. मानेसाठी शरीराच्या वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के, तर कंबरेसाठी सुमारे २५ ते ५० टक्के ताण वापरला जातो. ५० किलो वजनाच्या स्त्रीच्या कंबरेसाठी हा ताण साडेबारा ते पंचवीस किलो होतो.

येथे घर्षणाचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. साध्या पलंगावर शरीराचा खालचा भाग व गादी यांतील घर्षणावर मात करण्यासाठीच शरीराच्या वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश ओढ खर्ची पडते. म्हणूनच भौतिकोपचार विभागात दोन भागांत सरकणारे टेबल वापरतात. पलंगाच्या पायथ्याशी पाच-सात किलो वजन टांगल्यास ती ओढ कण्यापर्यंत क्वचितच पोहोचते. अशा रुग्णास प्रत्यक्षात मिळते ती केवळ सक्तीची विश्रांती.

ही विश्रांतीदेखील निरपवाद हितकारक नाही. फिनलंडमधील हेलसिंकी येथे नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या व १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीव्र कंबरदुखी असतानाही झेपेल तेवढी नित्याची कामे चालू ठेवणारे लोक बिछान्यावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले.

पुरावा काय सांगतो ?

कंबरेच्या कर्षणाबाबत २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात ३२ चाचण्यांतील २७६२ रुग्णांचा विचार झाला. वेदना, हालचालीची क्षमता व कामावर परतणे यांवर कर्षणाचा परिणाम अत्यल्प वा शून्य असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. बहुतेक चाचण्यांचा दर्जा मात्र मर्यादित होता, हेही आढाव्यात नमूद आहे. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखी व सायटिकासाठी कर्षण देऊ नये अशी शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही दीर्घकालीन कंबरदुखीसाठी नित्य वापरू नयेत अशा उपचारांत कर्षणाचा समावेश आहे.

मानेच्या बाबतीत चित्र थोडे भिन्न आहे. मानेतील नस दबून हातात कळ येणाऱ्या ८६ रुग्णांवरील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, व्यायामाला यांत्रिक कर्षणाची जोड दिलेल्या गटास अधिक लाभ झाला. तेथेही कर्षण हे व्यायामाला पूरक होते, त्याचा पर्याय नव्हते.

असे असूनही 'वजन लावल्याने बरे वाटले' असा अनुभव अनेक रुग्ण सांगतात. तो खोटा नसतो. ताण असेपर्यंत तात्पुरता आराम मिळू शकतो. शिवाय सायटिकाचे बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत आपोआप सुधारतात आणि बाहेर आलेला चकतीचा भागही अनेकदा शरीरात विरून जातो. त्या सुधारणेचे श्रेय त्याच सुमारास घेतलेल्या उपचारास दिले जाते.

कर्षण कोणास देऊ नये ?

मणक्याचा क्षयरोग, अस्थिभंग, कर्करोग, हाडांचा तीव्र ठिसूळपणा, संधिवातामुळे अस्थिर झालेली मान, तसेच गर्भावस्था या स्थितींत कर्षण टाळावे. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात पहिला मुद्दा विशेष गंभीर आहे. रात्रीचा ताप, घटणारे वजन व विश्रांतीनेही न थांबणारी पाठदुखी असल्यास आधी तपासणी झाली पाहिजे. लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, जांघेभोवती बधिरता येणे किंवा पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे ही तातडीच्या शस्त्रक्रियेची लक्षणे असू शकतात. अशा वेळी कर्षणात घालवलेले दिवस कायमचे अपंगत्व देऊ शकतात.

धानपट्ट्याच्या संदर्भात :

कर्षण एका बैठकीत संपत नाही. त्यासाठी अनेक दिवस उपचार केंद्रात जावे लागते. चोरखमारासारख्या गावातील रोजंदार स्त्रीसाठी प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी आणि प्रवासाचा खर्च. रोवणीचे दिवस मोजके असतात, तेव्हा ही हानी अधिकच जाणवते. ज्या उपचाराचा लाभ सिद्ध झालेला नाही त्यासाठी ही किंमत मोजावयास लावणे न्याय्य ठरत नाही. याउलट पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम एकदा नीट शिकवले की घरीच करता येतात. दर काही वेळाने उभे राहून पाठ मागे ताणणे, ओझे शरीराजवळ धरून उचलणे व वाकण्याची कामे आळीपाळीने करणे हे उपायही खर्चिक नाहीत.

समारोप :

कर्षण हा सर्वस्वी निरुपयोगी उपचार नव्हे. प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाने निवडक रुग्णांत, व्यायामाच्या जोडीने त्याचा मर्यादित वापर करावा, एवढेच त्याचे स्थान आहे. प्रत्येक कंबरदुखीवर 'वजन लावणे' हा तोडगा मात्र शास्त्राला धरून नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांतून महाविद्यालयांनी धोक्याची लक्षणे व घरगुती व्यायाम यांची माहिती रोवणीपूर्वी पोहोचविल्यास ती अधिक फलदायी ठरेल. दुखणाऱ्या कंबरेला ताण देण्याआधी त्या कंबरेवरील रोजचा भार कसा हलका होईल, याचा विचार होणे अगत्याचे आहे.